संध्याकाळी जायचं कुठं?

गिरणगावातलं सगळ्यात कोवळं व्यसन पाळण्यात सुरू व्हायचं. १९२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिससाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांची आणि तान्ह्या मुलांची पाहणी केली. त्यात एक आकडा निघाला: या बायकांच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती. बाळागोळी म्हणत तिला. आई पहाटे खोलीतून निघणार, दहा तास रिलिंग नाहीतर वाइंडिंग खात्यात उभी राहणार, आणि मूल मागे शेजारच्या म्हातारीच्या भरवशावर, किंवा गिरणीतच मशिनांच्या खडखडाटात टोपलीत पडलेलं. ते रडू नये म्हणून ही छोटीशी गोळी. ती खाल्ली की पोर निपचित पडे. भूक नाही, रडणं नाही, आणि पुष्कळदा वाढही नाही.

या आकड्याकडे पाहून त्या काळी अनेकांनी अडाणी आयांना नावं ठेवली. मला मात्र त्यात आईचा अडाणीपणा कमी आणि पाळीचं वेळापत्रक जास्त दिसतं. जी बाई मूल जवळ ठेवू शकत नव्हती, ती दुसरं काय करणार होती? मुंबईतल्या व्यसनाच्या आणि व्यसनमुक्तीच्या शंभर वर्षांच्या कहाणीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येतो. व्यसन काढून घेणार असाल, तर त्याच्या जागी काय देणार?

गिरणगाव म्हणजे परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड, नायगाव, वरळी. १९२१-२२ साली फिंडले शिरास यांनी मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पहिली मोठी पाहणी केली. ९७ टक्के कुटुंबं एकेका खोलीत राहत होती आणि ४७ टक्के कर्जात होती. ज्यांची बायकामुलं कोकणात नाहीतर घाटावर असत, ते तर खोलीत राहतही नसत. ते गाळ्यात राहत, वीस-पंचवीस जण एका ठिकाणी. एक पाळी झोपायला आली की दुसरी उठून कामावर जाई, अंथरुणं तीच. जेवण खाणावळवालीकडे. पगार महिन्याचा, तोही महिना उलटून पुढचे दहा-पंधरा दिवस गेल्यावर. तोवर वाण्याची उधारी. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजासाठी काठी घेऊन पठाण उभा, आणि त्याच्यापासून चार पावलांवर पिठा.

पिठा हा शब्द आता ऐकू येत नाही. देशी दारूचं, ताडीचं परवान्याचं दुकान म्हणजे पिठा. बाकडी, खारे दाणे, तळलेला बोंबील, आणि ज्याला संध्याकाळी पाठ टेकायला घर नाही अशा माणसासाठी बसायची जागा. मुंबईतले पुष्कळ पिठे पारशी मालकांचे होते. पण खरा मालक सरकारच होतं. १८७८च्या अबकारी कायद्यानं दारू आणि ताडी सरकारच्या मुठीत आली. झाडामागे कर बसला, गाळपाचे आणि विक्रीचे मक्ते लिलावात निघू लागले. दादर-माहीमच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या माड आणि ताड छेदणाऱ्या भंडाऱ्यांचा धंदा त्यात मोडला. गावातली हलकी ताडी महाग झाली आणि भट्टीची कडक दारू सोपी झाली. पुढे प्रांताच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा अबकारीतून येऊ लागला. म्हणजे कामगार जितका जास्त पिणार, तितकी सरकारी तिजोरी भरणार. म्हणून दारूविरुद्ध बोलणं हे आपोआपच सरकारविरुद्ध बोलणं ठरे.

१९०८च्या उन्हाळ्यात लोकमान्य टिळकांनी पुण्यात मद्यपानविरोधी चळवळ उभी केली, दुकानांपुढे स्वयंसेवक उभे केले, तेव्हा सरकारला त्यात राजकारण दिसलं ते यामुळेच. त्याच जूनमध्ये टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली. जुलैत सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. ज्या मजुरांना शहरातले शिकलेले लोक ‘पिणारे’ म्हणून ओळखत, त्यांनी केलेला तो संप होता.

मुंबईत मात्र खरं काम व्यासपीठांपेक्षा खोल्याखोल्यांतून झालं. रावबहादूर सीताराम केशव बोले हे स्वतः भंडारी समाजातले. १९०९ साली स्थापन झालेली कामगार हितवर्धक सभा त्यांच्या पुढाकारातली. कामगारांचे तंटे सोडवणं, त्यांच्या मागण्या मालकांपुढे ठेवणं आणि दारूपासून त्यांना परावृत्त करणं ही सभेची कामं. ज्या जातीचा धंदाच ताडीचा, तिच्यातल्या माणसानं हे बोलावं, याला त्या वेळी फार अर्थ होता. दोन वर्षांनी, १९११ साली, नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, फिरती वाचनालयं, दवाखाने, पतपेढ्या, मॅजिक लँटर्नच्या पडद्यावर चित्रं दाखवून दिलेली व्याख्यानं. त्यांत दारूवरची व्याख्यानंही असत, पण लीगनं फक्त उपदेश केला नाही. १९२२ साली परळला दामोदर हॉल उभा राहिला आणि गिरणगावाला स्वतःचं नाट्यगृह मिळालं. दिवसा साचा चालवणारा कामगार रात्री तिथं तोंडाला रंग लावून उभा राहू लागला.

पतपेढीचा आणि दारूचा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध अगदी सरळ होता. पठाणाचं व्याज रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, आणि कधी त्याहूनही जास्त. अशा कर्जात अडकलेला माणूस पगार हातात पडल्यावर घरी जायलाच घाबरतो. जोशींना हे कळलं होतं. म्हणून त्यांच्या कामात दारू कधी एकटी येत नाही. ती कर्जाच्या, खोलीच्या, पाळीच्या आणि अक्षरओळखीच्या सोबत येते.

आणखी एक बंदी होती, ती कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नव्हती. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मटण दोन्ही सुटलं. गाळ्यातल्या माळकऱ्याला पिठ्यावर चल म्हणायची कोणाची छाती नसे. सातारा-पुणे भागातल्या आणि कोकणातल्या मंडळींनी चाळीचाळींतून भजनी मंडळं उभी केली. पखवाज, टाळ, एक पेटी, आणि शनिवारी रात्रभर जागर. सुधारकांच्या अहवालांत याचा उल्लेख फारसा सापडत नाही. पण किती जणांना पिठ्यापासून कोणी वाचवलं याचा हिशेब कधी मांडता आला असता, तर माझ्या मते पहिला मान या मंडळांना गेला असता.

असहकाराच्या काळात दारूचा प्रश्न रस्त्यावर आला, आणि एकदा तो फार वाईट रीतीनं आला. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरले. त्याच दिवशी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती, ज्यू आणि युरोपीय लोकांवर जमावानं हल्ले केले. दारूची दुकानं फोडली, जाळली. चार दिवसांच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजींनी १९ तारखेला उपोषण सुरू केलं आणि शहर शांत झाल्यावर २२ तारखेला सोडलं. दारूच्या द्वेषाचं दारू विकणाऱ्याच्या जातीच्या द्वेषात रूपांतर व्हायला किती थोडा वेळ लागतो, हे त्या चार दिवसांनी दाखवलं. पारशी समाजाच्या मनावरचा तो ओरखडा पुढची अठरा वर्षं बुजला नाही, हे लक्षात ठेवलं नाही तर १९३९च्या दारूबंदीला त्यांनी केलेला विरोध नीट कळत नाही.

१९३० साली म्हणूनच वेगळी वाट धरली गेली. गांधीजींनी परदेशी कापड आणि दारू यांच्या दुकानांपुढचं पिकेटिंग बायकांवर सोपवलं. गिरगावात अवंतिकाबाई गोखले यांच्या हिंद महिला समाजानं १९१८पासून बायकांना एकत्र आणलं होतं. देशसेविका संघाच्या केशरी साड्यांतल्या बायका दुकानांपुढे उभ्या राहू लागल्या. पांढरपेशा घरातली बाई दारूच्या दुकानाच्या पायरीजवळ उभी आहे आणि गिऱ्हाइकाला हात जोडते आहे, हे दृश्य मुंबईनं त्याआधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक तोंड लपवून परत जाई. तुरुंग भरले, अवंतिकाबाईही आत गेल्या. त्याच वर्षीच्या १२ डिसेंबरला काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला बाबू गेनू हा गिरणी कामगारच होता.

मग राज्य हाती आलं. जुलै १९३७मध्ये बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आलं आणि पुढच्याच महिन्यात काँग्रेस कार्यकारिणीनं सांगितलं की तीन वर्षांत संपूर्ण दारूबंदी करा. आरोग्य आणि अबकारी ही दोन खाती डॉ. मंचेरशा धनजीभाई गिल्डर यांच्याकडे होती. ते नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ आणि जन्मानं पारशी. त्यांच्याच समाजातल्या हजारो लोकांची पोटं या धंद्यावर होती. ताडीची दुकानं, गाळप, वाड्या, त्यावरचे नोकर. सभा झाल्या, निषेध झाले, आपल्याच माणसानं आपल्या पोटावर पाय दिला असं गिल्डरांना ऐकून घ्यावं लागलं. ते डगमगले नाहीत. त्यांच्या बाजूला मजूर आणि अबकारी खात्यांचे संसदीय सचिव गुलझारीलाल नंदा होते. अहमदाबादच्या मजूर महाजनात तयार झालेले नंदा पुढे दोनदा देशाचे हंगामी पंतप्रधान झाले, पण त्यांच्या मुंबईतल्या कामाची आठवण फारशी निघत नाही.

पैशाचा प्रश्न अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांच्यापुढे आला. अबकारीचं उत्पन्न बुडणार, ते भरून कसं काढायचं? त्यांनी शहरी मिळकतींच्या भाडेमूल्यावर दहा टक्क्यांपर्यंत कर बसवला. घरमालक कोर्टात गेले, हरले. विरोध घरमालकांपुरता नव्हता. दारूबंदीसाठी एवढी रक्कम घालवण्याआधी शिक्षणासारख्या गोष्टींना पैसा द्यायला नको का, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विधिमंडळातली टीका होती. काँग्रेसवाल्यांना ती रुचली नाही. आज ती वाचताना मला वाटतं की त्यांचा मुद्दा जोशींच्या पतपेढीपासून फार लांबचा नव्हता.

३१ जुलै १९३९, सोमवार. शहरातल्या परवान्याच्या दुकानांची ती शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, १ ऑगस्टला, मुंबई शहर आणि उपनगरांत दारूबंदी लागू झाली. टिळक गेले त्याला त्या दिवशी १९ वर्षं पूर्ण होत होती.

या बंदीचं वेगळेपण असं की नंदांसारख्या लोकांनी त्या प्रश्नाचं उत्तर आधीच शोधायला घेतलं होतं: पिठा बंद झाला, तर संध्याकाळी माणसानं जायचं कुठं? १९३९ सालीच सरकारनं मुंबई, अहमदाबाद, सोलापूर अशा गिरणीच्या शहरांत नमुनेदार कामगार कल्याण केंद्रं सुरू केली. १९३९-४०च्या अंदाजपत्रकात त्यासाठी १,२०,००० रुपये ठेवले. वाचनालय, तालीम, खेळायचं मैदान, बायकांसाठी शिवणवर्ग, मुलांसाठी बालवाडी. मिळकत कराच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ होती. पण भारतातल्या कुठल्याही सरकारनं कामगाराच्या फावल्या वेळेचा विचार एवढ्या गंभीरपणे त्याआधी केलेला मला माहीत नाही.

बंदीला पुरतं रुजायला वेळ मिळालाच नाही. १ ऑगस्टनंतर महिन्याभरातच युरोपात महायुद्ध पेटलं. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला खेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाच्या निकालानं बंदीच्या अधिसूचनेचा पाया ढासळला, आणि गव्हर्नरच्या राजवटीत दुकानं परत उघडली. केंद्रं मात्र राहिली.

दुसरी बंदी पहिल्यासारखी नव्हती. १९४६ साली खेर परत आले, गिल्डरही परत मंत्रिमंडळात आले. टप्प्याटप्प्यानं दारूचा पुरवठा कमी करत नेला गेला. १६ जून १९४९ रोजी मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला आणि ६ एप्रिल १९५०पासून सबंध राज्यात पूर्ण बंदी झाली. गृहमंत्री मोरारजी देसाई होते आणि अंमलबजावणीवर त्यांचा ठसा होता. कायद्याला आव्हान दिलं गेलं, आणि बलसारा खटल्यात २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याची काही कलमं, विशेषतः औषधं आणि प्रसाधनं यांतल्या अल्कोहोलबद्दलची, रद्द केली, बाकी कायदा टिकवला. ज्याला डॉक्टरचा दाखला आणता येई त्याला परमिट मिळे. त्या परमिटवाल्यांना प्यायला जी खोली नेमून दिली जाई, तिचं नाव आज महाराष्ट्राच्या गावोगावच्या पाट्यांवर आहे: परमिट रूम. दारूबंदीचा हा शब्द दारूच्या दुकानांनीच जपून ठेवला.

पैसेवाल्याला परमिट होतं. लालबागच्या कामगाराला हातभट्टी होती. काळा गूळ आणि नवसागर पिंपात घालून आठवडाभर आंबवायचं, मग चुलीवर चढवून पहिली धार वेगळी काढायची. धारावी, अँटॉप हिल, सायन कोळीवाडा या भागांतल्या दलदलीत आणि झोपड्यांत भट्ट्या लागत, आणि माल मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून शहरात येई. नवटाक, पावशेर ही मापं घराघरात चालत. चाळीच्या तळमजल्याच्या खोलीत, एखाद्या आंटीच्या घरात, पलंगाखालून बाटली निघे. पिठ्यावर निदान परवाना होता, वेळ होती, मापात फसवलं तर तक्रार करायला जागा होती. आता त्याच्या जागी पडदा लावलेली खोली आली, आणि दारातून हप्ता घेऊन जाणारा शिपाई आला. तो शिपाईही बहुतेक वेळा नायगावच्या नाहीतर वरळीच्या चाळीतलाच, त्याच गावातून आलेला. कायदा मोडणाऱ्याला आणि कायदा राखणाऱ्याला एकाच नळावर पाणी भरावं लागे.

यातून जो पैसा उभा राहिला, त्यानं मुंबईच्या गुन्हेगारीचं रूप बदललं. बोरीबंदरला हमाली करणारा वरदराजन मुदलियार हातभट्टीच्या धंद्यातून धारावी-माटुंगा पट्ट्यातला दादा झाला. त्याच्या जरबेची गोष्ट दोन दशकं चालली. मी बंदीचा विरोधक नाही. पगार घरी न येण्याचं दुःख ज्या बायकांनी भोगलं त्यांची मागणी मला आजही न्याय्य वाटते. पण १९३९ आणि १९५०मधला फरक मला डाचतो. पहिल्या वेळी काँग्रेसचे स्वयंसेवक, बायका, लीगचे कार्यकर्ते, भजनी मंडळं सगळी दुकानापुढे उभी होती. दुसऱ्या वेळी तिथं पोलीस उभा केला आणि बाकीचे घरी गेले. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून नियम सैल होत गेले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला परवान्याची देशी दारू परत आली. कायदा मात्र आजही पुस्तकात आहे, आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा.

विषारी दारूही गेली नाही. डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीला ८७ माणसं मेली, जून २०१५मध्ये मालवणीत शंभराहून जास्त. दोन्ही उपनगरांतल्या गरीब वस्त्या. तोवर गिरणगावच ओस पडलं होतं.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. त्याच वर्षांत मुंबईत गर्द पसरली. ब्राउन शुगर पन्नीवर जाळून नळीनं ओढायची. बापाच्या पिढीची दारू निदान संध्याकाळची होती. गर्द दिवसाची, रात्रीची, शाळेसमोरच्या कट्ट्यावरची. घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली, मग शेजाऱ्याच्या नळाची तोटी गेली. कामाविना बसलेल्या पोरांना टोळ्यांनी हेरलं. १४ नोव्हेंबर १९८५ला अमली पदार्थांविरुद्धचा नवा कडक कायदा आला, तस्करीला किमान दहा वर्षं शिक्षा झाली. पुण्याचे डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांबद्दल लिहिलं, आणि ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे पुढे केले. २९ ऑगस्ट १९८६ला डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणसाला शिक्षा द्यायची नाही, त्याला आजारी समजून जवळ घ्यायचं, घरच्यांना सोबत बसवायचं. आपल्या मुलाला घेऊन मुंबईहून पुण्याची गाडी पकडणाऱ्या आयांना जोशींच्या लीगचं नावही ठाऊक नसेल, पण काम त्याच जातीचं होतं.

त्या १९३९च्या केंद्रांचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. १९५३ साली मुंबई राज्यानं कामगार कल्याण निधीचा कायदा केला. त्यातून जे मंडळ झालं तेच आजचं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ. त्याचं मुख्यालय प्रभादेवीला सेनापती बापट मार्गावर आहे, आणि त्या इमारतीला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन. डिलाईल रोड, जो आता ना. म. जोशी मार्ग आहे, नायगाव, वरळी इथल्या केंद्रांत कबड्डीचे संघ घडले, बायकांनी शिवण शिकून घर चालवलं, आणि मंडळाच्या नाट्यस्पर्धेत तीन पाळ्यांचे कामगार नट, दिग्दर्शक आणि लेखक झाले.

निधीसाठी पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर १९५३च्या कायद्यानं असं दिलं: कामगारांच्या पगारातून कापलेले दंड, आणि कोणी न्यायला न आलेले पगार. कोणी गावी जाऊन परतलाच नाही, कोणी वारला, कोणी उशिरा पोचल्याबद्दल चार आणे गमावले. त्या चार आण्यांतून केंद्रात कॅरमचा बोर्ड आला, मैदानाला कुंपण आलं, आणि भजनाला पेटी-तबला आला.